बोटीवरचा सण

जहाजावर पणती लावता येत नाही. निरांजन नाही, समई नाही, उदबत्ती नाही, साधी मेणबत्तीही नाही. दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब क्रूझला निघालेल्या कुणाच्या बॅगेत पूजेचं साहित्य निघालंच, तर ते बंदरावरच्या तपासणीत बाजूला काढून ठेवतात. कपड्यांची इस्त्री आणि चहाची इलेक्ट्रिक किटलीही त्याच्याच शेजारी जाऊन बसते. ऐन सणाला निघालेल्या माणसाचा यावर जीव हळहळतो, आणि ते साहजिकच आहे. पण ज्याची हयात समुद्रावर गेली आहे त्याला विचारून पाहा. वादळाइतकीच, किंबहुना वादळाहून जास्त, त्याला धास्ती असते आगीची. घराला आग लागली तर माणूस निदान रस्त्यावर येऊन उभा राहू शकतो. समुद्रात ती सोय नाही. 1934 साली हवानाहून न्यूयॉर्कला परतणारं ‘मॉरो कॅसल’ पेटलं आणि 137 माणसं गेली. 1965 च्या नोव्हेंबरात मायामीहून नासाऊला निघालेलं ‘यार्माउथ कॅसल’ अपरात्री पेटलं आणि पहाटे बुडालं; 90 माणसं दगावली. त्यानंतर प्रवासी जहाजांच्या अग्निसुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम फार कडक झाले. आज क्रूझवर केक सजवणाऱ्या मुलालाही बोटीवर पाऊल ठेवण्याआधी आग विझवण्याचं आणि लाइफबोटीचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं.

म्हणून बोटीवरची दिवाळी सेलवरच्या पणत्यांनी उजळते. रांगोळी गालिच्यावर काढता येत नाही, ती ताटात किंवा पुठ्ठ्यावर काढतात. नाताळच्या गोठ्यात मेणबत्तीच्या जागी बारीक दिवे लुकलुकतात. हे सगळं कळल्यावर, तरीही सण होतो तो कसा, हे जाणून घ्यावंसं वाटलं. कोकणात आणि गोव्यात ‘मुलगा बोटीवर असतो’ असं सांगणारी घरं गावोगाव आहेत. त्या घरांतून बसून ऐकलं, सुट्टीवर आलेल्यांशी बोलले, सणासुदीत स्वतः क्रूझने गेले. तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक क्रूझवर एकाच वेळी दोन सण चाललेले असतात. एक वरच्या मजल्यांवर, प्रवाशांचा. दुसरा खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास, बोट चालवणाऱ्यांचा. वरच्या सणाच्या जाहिराती आपण पाहतो. खालचा सण फारसा कुणी लिहिलेला नाही.

वरच्या सणाबद्दल आधी सांगते, कारण तो खरोखर देखणा असतो. अमेरिकी क्रूझवर नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा गुरुवार उलटला की नाताळची तयारी सुरू होते, आणि ती बहुतेक एका रात्रीत उरकतात. प्रवासी झोपायला गेले की कोठारातली खोकी वर येतात. न्याहारीला माणसं खाली उतरतात तेव्हा मधल्या चौकात दोन-तीन मजले उंच झाड उभं असतं, जिन्यांच्या कठड्यांना हिरव्या माळा असतात, बेकरीने आल्याच्या बिस्किटांचं अख्खं गाव रचलेलं असतं. ज्या हातांनी हे केलं त्यांनीच रात्री अकरापर्यंत टेबलं पुसलेली असतात. आता या व्यवहाराचा आवाका पाहा. 2023 साली जगभरात 3 कोटी 17 लाख लोकांनी समुद्रावर क्रूझने प्रवास केला. 2024 च्या जानेवारीत मायामीहून निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर जास्तीत जास्त 7,600 प्रवासी आणि सुमारे 2,350 कर्मचारी मावतात. एवढ्या माणसांना नाताळचं जेवण त्याच संध्याकाळी, गरम आणि दोन पंगतींत वाढायचं असतं.

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा क्रूझच्या वर्षातला सर्वांत महागडा. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खी कुटुंबं येतात. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरातून निघालेल्या बोटी ऊबेच्या शोधात कॅनरी बेटांकडे आणि मदेराकडे वळतात. मदेराच्या फुंशाल शहरातली 31 डिसेंबरची रात्र तर दर्यावर्दी जगात नावाजलेली आहे. डोंगराच्या उतारावर वसलेलं शहर, समोर खोल समुद्र, आणि बंदरात व बाहेर उभ्या असलेल्या क्रूझ बोटी. बाराच्या ठोक्याला शहराच्या सगळ्या अंगांनी आतषबाजी सुरू होते आणि साऱ्या बोटी एकदम भोंगे वाजवतात. 2006 च्या वर्षअखेरीला या आतषबाजीची जगातली सर्वांत मोठी म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. प्रवासी डेकवर गर्दी करून ती पाहतात. खलाशांपैकी ज्यांची पाळी संपली असेल त्यांना नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढल्या टोकाच्या, त्यांच्यासाठी राखलेल्या डेकवर जाता येतं. साष्टीतल्या एका वयस्क स्टुअर्डने मला सांगितलं की फुंशालला तो किती वेळा गेला याची मोजदाद नाही; भोंगे प्रत्येक वेळी ऐकले, आतषबाजी मात्र निवृत्तीआधी एकदाच पाहिली. उरलेल्या वेळी तो त्या घटकेला शॅम्पेनचे रिकामे ग्लास गोळा करत होता.

या कामात आपली माणसं इतकी कशी आली? त्याला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. 1837 साली सुरू झालेली ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’, म्हणजे ‘पी अँड ओ’, ही इंग्रजी आगबोट कंपनी मुंबईची टपाल आणि प्रवासी वाहतूक करू लागली. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर ही ये-जा वाढली. या बोटींवर कामाची वाटणी प्रांतवार असे. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान दर्यावर्दी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल हे मुकादम. खाली बॉयलरच्या आगीजवळ पंजाबकडचे आणि सिल्हेटचे लोक. जेवणघर, केबिन आणि मुदपाकखाना मात्र गोमंतकीय ख्रिस्ती माणसांकडे. युरोपीय जेवण रांधायला आणि वाढायला त्यांना आहाराची आडकाठी नव्हती, चालीरीती ओळखीच्या होत्या, आणि पुष्कळांना वाद्यं वाजवता येत. पगार गोऱ्या खलाशाहून बराच कमी. तेव्हापासून गोव्यात, विशेषतः साष्टी आणि बारदेशात, तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला जाणारा, ही घराण्यातून चालत आलेली ओळख झाली.

बोट मिळेपर्यंत ही माणसं मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांतल्या कुडांमध्ये राहत. कूड म्हणजे एकेका गावाने चालवलेली खोली. भिंतीशी ओळीने पत्र्याच्या ट्रंका, जमिनीवर पथाऱ्या, एका टोकाला वेदी. रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना चुकवायची नाही. आणि गावच्या संताचं फेस्त आलं की जे गावी पोचू शकत नाहीत त्यांनी ते कुडातच करायचं, वर्गणी काढून, पाद्री बोलावून, गावी जे शिजतं ते शिजवून. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. गावाबाहेर राहून गावचा सण चुकू न देण्याची शिस्त या माणसांनी बोटीवर जाण्याआधीच, मुंबईच्या त्या कोंदट खोल्यांत अंगी बाणवली होती. तीच पुढे समुद्रावर गेली.

आज बोटीवर जाणारे फक्त गोव्याचे नाहीत. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली सिंधुदुर्ग-रत्नागिरीची मुलं आहेत, वसईची आहेत, पुणे-नाशिकचीही आहेत. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, काढायची, सुरक्षेचे कोर्स करायचे, मेडिकल, अमेरिकेचा व्हिसा, मग एजंटाच्या कचेरीतून जॉइनिंगची तारीख. त्या तारखेवर घराचं सगळं पंचांग हलतं.

याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. कंपनीप्रमाणे कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं असतं. आपण आठ महिने धरू, आणि पुढे दोन महिने घरी. म्हणजे दहा महिन्यांचं एक चक्र. समजा, एका वर्षी सुट्टी ऑगस्ट-सप्टेंबरात मिळाली आणि गणपती घरी झाले. पुढची सुट्टी येणार जून-जुलैत. त्यापुढची एप्रिल-मे. मग फेब्रुवारी-मार्च, तेव्हा शिमगा मिळेल. मग डिसेंबर-जानेवारी, तेव्हा नाताळ. मग ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा दिवाळी. आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबर यायला पाच वर्षं पुरी होतात. पाच वर्षांत सहा सुट्ट्या, आणि त्या सहांत वर्षाचा प्रत्येक महिना बरोबर एकदा. म्हणजे कोणताही सण पाच वर्षांतून एकदाच घरी. वीस वर्षं बोटीवर काढणाऱ्या माणसाच्या वाट्याला घरचे गणपती चार आणि दिवाळ्या चार. बहिणीचं लग्न, मुलाची मुंज, बापाचं वर्षश्राद्ध हेही याच गणितात बसवायचं.

म्हणून जो तो तारखेसाठी धडपडतो. कोकणातला मुलगा ऑफिसला विनवतो की चतुर्थीच्या आत साइन ऑफ द्या, म्हणजे बोटीवरून सोडा. गोव्याचा मुलगा नाताळ मागतो. पण नाताळ हाच क्रूझचा भर हंगाम; त्या दिवसांत बोटीवर प्रत्येक हात हवा असतो. घरी पोचलेला तारवटी गावच्या मिडनाइट मासला शिरतो तेव्हा अख्खं चर्च मागे वळून पाहतं, असं मडगावजवळच्या एका गावात ऐकलं, ते खरंच असणार.

मग बोटीवरच सण करायचा, पण कधी? सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार 2006 साली झाला, 2013 मध्ये लागू झाला, भारताने 2015 मध्ये तो स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. ती फार तर दोन हिश्श्यांत विभागता येते आणि त्यातला एक हिस्सा सलग सहा तासांचा हवा. या दहा तासांत झोप, आंघोळ, कपडे, घरी फोन, सगळं आलं. साप्ताहिक सुट्टी असा प्रकार क्रूझवर नसतो. त्यामुळे खलाशाचा सण त्याच्या झोपेतून कापून निघतो. अडीच वाजता संपलेला कार्यक्रम आणि साडेपाचला पुन्हा ड्युटी, ही त्याची किंमत. ती देऊन तो सण करतो, यातच सगळं आलं.

बोटीच्या पोटात, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, एक लांबच लांब रस्ता असतो. अमेरिकी बोटींवर त्याला त्यांच्या महामार्गावरून ‘आय-95’ म्हणतात, इंग्रजी बोटींवर ‘एम-1’. भाजीच्या पेट्या, चादरींच्या गाड्या, धावत पाळीवर निघालेली माणसं, सगळं या रस्त्याने. डिसेंबरात या रस्त्याचा नूर पालटतो. लाँड्रीवाले एक भिंत सजवतात, इंजिनवाले दुसरी. फिलिपिनो मुलं बांबू-कागदाच्या धर्तीवर प्लॅस्टिकचे पारोल, म्हणजे त्यांचे नाताळचे तारे, टांगतात. शेजारी गोव्याचा तारा लागतो. फिलिपिनो लोकांत 16 डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या मासची परंपरा आहे. बोटीवर ती सवड मिळेल त्या वेळी पाळतात. काही कंपन्या नाताळच्या सफरीवर धर्मगुरू सोबत नेतात. 1920 साली ग्लासगोत सुरू झालेली, आज ‘स्टेला मॅरिस’ म्हणून ओळखली जाणारी कॅथलिक संस्था हे काम करते, बंदरोबंदरी खलाशांची विचारपूसही करते. प्रवाशांचा मास थिएटरात साडेअकराला. खलाशांचा त्यानंतर, बार बंद झाले की, कधी एक वाजता. पांढऱ्या शर्टावर वेटरचा नावाचा बिल्ला तसाच असतो. धर्मगुरू नसेल तर कुणीतरी ज्येष्ठ रोझरी सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात.

इंग्रजी बोटींवर एक जुनी रीत आहे, ती मला मनापासून आवडते. नाताळच्या दिवशी अधिकारी खाली येतात, ॲप्रन बांधतात आणि खलाशांना स्वतः वाढतात. ब्रिटिश नौदलात तर त्या दिवशी सर्वांत लहान वयाच्या नाविकाने कॅप्टनची जागा घ्यायची प्रथा आहे. अधिकाऱ्यांनी वाढण्याचा हा मान एका दिवसाचाच. पण घरी फोनवर सांगताना माणसं हेच आधी सांगतात.

जेवणात भारतीय मेसमध्ये सोरपोतेल असतं. व्हिनेगरात मुरलेलं हे कालवण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरं लागतं, म्हणून गोव्याचा आचारी ते 22-23 तारखेलाच करून ठेवतो. घरून आलेल्या गोडात बिबिंका आणि दोदोल टिकतात. नेवऱ्या मात्र प्रवासात फुटतात, तरी आया त्या पाठवतातच.

हे सामान बोटीवर पोचतं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. कुरिअर चालत्या बोटीवर येत नाही. बंदर गाठायचं तर जो नवा माणूस जॉइन व्हायला निघाला आहे त्याच्या बॅगेतूनच. सावंतवाडीजवळच्या एका घरात नवरात्र संपता संपता मी गेले होते. ओटीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, खोबऱ्याच्या करंज्या. थोरला मुलगा भूमध्य समुद्रात बोटीवर, आणि शेजारच्या वाडीतला एक मुलगा चार दिवसांनी बार्सिलोनात त्याच बोटीवर चढणार. पण पहिल्यांदा पाठवलेलं घरचं खाणं बंदरावर अडवलं होतं, कारण बऱ्याच बोटींवर उघडं, घरी केलेलं अन्न नेऊ देत नाहीत. तेव्हापासून आई बाजारात जाऊन सगळं हवाबंद पिशव्यांत सील करून घेते. सोबत दुकानाचं छापील लेबल. करंज्या तिने स्वतःच बाजूला केल्या. “त्यो पत्र्याच्या डब्यात घाला तरी फुटतत,” ती म्हणाली. शंकरपाळे सर्वांत जास्त, कारण ते भरडले जात नाहीत आणि खाली वीस जणांत वाटले तरी पुरतात. प्रत्येक पिशवीवर तिने मार्करने नावं लिहिली: मुलाचं, त्याच्या केबिनमधल्या केरळच्या सोबत्याचं, आणि तिला फक्त फोनवर माहीत असलेल्या एका इंडोनेशियन सुपरवायझरचं. शेजारच्या मुलाची बॅग वजनकाट्यावर ठेवून, त्याचेच दोन स्वेटर काढून, तिची पिशवी आत गेली. त्याच्या आईने हूं की चूं केलं नाही. पुढच्या वर्षी तिची पाळी असते.

खलाशाची केबिन लहान. वर-खाली दोन बिछाने, प्रत्येकाला पडदा, एक कपाट, खिडकी बहुधा नाही. भिंत पोलादाची, तिला खिळा ठोकता येत नाही. पण लोहचुंबक चिकटतो. म्हणून देव चुंबकावर असतात. उशाशी गणपती, शेजारी बायको-मुलांचे फोटो, गावच्या देवळाचं कॅलेंडर, सगळं चुंबकाने धरलेलं. लक्ष्मीपूजनाला त्याखाली टेबलावर सेलची पणती, ताटलीत मेसमधली साखर आणि बेदाणे, एक डॉलर. सोबती दुसऱ्या धर्माचा असला तरी ती दहा मिनिटं तो उठून बसतो, बहुतेकांनी आवर्जून सांगितलं. कोकणात नरकचतुर्दशीला तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. वेंगुर्ल्याच्या एका मुलाने ते बारमधल्या लिंबावर भागवलं. न्हाणीघरात लिंबू टाचेखाली चिरडलं, रस कपाळाला लावला आणि गोडे पोहे आठवत न्याहारीच्या पाळीवर गेला. मेसमध्ये दिवाळीच्या रात्री पुरी-भाजी, एखादा गोड पदार्थ आणि नंतर क्रू बारमध्ये नाच. नाचायला ब्राझील, सर्बिया, जमैका, बाली, सगळे येतात. दिवाळी म्हणजे काय हे त्यांना त्याच रात्री कळतं, आणि पुढच्या वर्षी तेच आधी आठवण करतात.

घरच्यांशी मात्र घड्याळ जुळत नाही. भारतात पहाटे पाचला अभ्यंगस्नान सुरू होतं तेव्हा मायामीच्या घड्याळात आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि वेटर जेवणाच्या गर्दीत बुडालेला असतो. इकडे संध्याकाळी साडेसहाला लक्ष्मीपूजन, तिकडे सकाळचे नऊ, न्याहारीची आवराआवर. नाताळात गोव्यात मध्यरात्रीचा मास लागतो तेव्हा तिथे दुपारचा दीड. पूर्वी बोट बंदराला लागल्यावर फोनकार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि सण समुद्रात आला तर आवाजही नाही. 2022 नंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं इंटरनेट बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून चित्र पालटलं. आता गणपतीच्या आरतीला मखराशेजारी टेकून ठेवलेल्या फोनमधून कुणीतरी वेटरच्या गणवेशात टाळ्या वाजवत असतो. आईला एवढं पुरतं असं नाही. पण काहीच नव्हतं, त्यापेक्षा हे खूप आहे.

पंचांगाचा एक खराखुरा पेच समुद्रावर उभा राहतो. चंद्र-सूर्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की तिथी बदलते. तो क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच. पण सणाचा दिवस ठरतो तो त्या त्या ठिकाणच्या सूर्योदयाला किंवा प्रदोषाला कोणती तिथी आहे यावरून, आणि बोटीचा सूर्योदय रोज सरकत असतो. जानेवारीत निघालेल्या जगप्रदक्षिणेच्या बोटी वसंताच्या सुमारास प्रशांत महासागरात असू शकतात. तिथे पश्चिमेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गळतो. तो दिवस पाडव्याचा असला तर गुढी उभारायची कधी? आणि पूर्वेकडे जाणाऱ्याला तीच तारीख दोनदा मिळते. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच तोडगा सांगितला: गावी ज्या घटकेला पूजा, त्याच घटकेला बोटीवर. कॅप्टनचं घड्याळ काहीही म्हणो. ज्योतिषशास्त्र काय म्हणेल ते म्हणो, मला हा निर्णय योग्य वाटतो. ही पूजा घरच्यांबरोबर करायची असते.

2020 चा उल्लेख टाळता येणार नाही. फेब्रुवारीत योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली, 3,711 माणसांपैकी 712 जणांना करोना झाला; बोटीवर भारतीय होते 138, त्यांतले 132 कर्मचारी. त्यानंतर जगभरच्या क्रूझ थांबल्या. प्रवासी उतरून घरी गेले, कर्मचारी महिनोन् महिने बोटींवरच राहिले. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यासमोर मोठमोठ्या बोटी रिकाम्या नांगरून होत्या. बोट चालू ठेवण्यापुरती माणसं ठेवलेली, त्यांत आपलीही होती. त्यांना पहिल्यांदाच प्रवाशांच्या केबिनमध्ये, खिडकी असलेल्या, राहायला मिळालं. पण सण करायला मन लागलं नाही, असं त्यांतल्या एकाने सांगितलं. काम नसलं म्हणजे सण रंगतो असं नाही, हे त्या वर्षी कळलं, असं तो म्हणाला.

आता क्रूझ मुंबईच्या दारात आली आहे. 2018 च्या ऑक्टोबरात ‘अंग्रिया’ मुंबई-गोवा सुरू झाली, 2019 मध्ये ‘कर्णिका’ आली. दोन्ही टिकल्या नाहीत. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागली. जैन जेवण, फरसाण, मोठ्या आवाजातली गाणी. आपल्याकडच्या कुटुंबांना सोयीचं सगळं. अशा एका सफरीत दिवाळी पाडव्याच्या संध्याकाळी मी चौकात उभी होते. एका आजींनी नातसुनेला तबक धरायला लावलं, त्यात कुंकू, अक्षता, सुपारी आणि सेलची पणती. ओवाळताना पणती बंद पडली. शेजारून ट्रे घेऊन जाणारा मुलगा थांबला, खिशातून दुसरी काढून तबकात ठेवली. मालवणचा होता. अशा पणत्या तो खिशात ठेवतो, कारण दर संध्याकाळी कुठेतरी एखादी विझते, असं त्याने सांगितलं. बोट त्या रात्री कोकणच्या किनाऱ्याला समांतर चालली होती. किनाऱ्याच्या जरा जवळून गेली तर फोनला रेंज येते, त्याने माहिती दिली, आणि ट्रे घेऊन गेला. त्याचा स्वतःचा सण कधी, हे विचारायला मी त्याला थांबवलं नाही. त्याची पाळी चालू होती.

माझं स्पष्ट मत असं आहे की सणाची सुट्टी ऑफिसातल्या ओळखीवर आणि विनवणीवर सोडू नये. दर कॉन्ट्रॅक्टच्या वेळी कर्मचाऱ्याने आपला एक सण लिहून द्यावा आणि कंपनीने तो पाच वर्षांतून एकदा नाही, निदान दोन वर्षांतून एकदा घरी मिळेल अशी आखणी करावी. जी कंपनी हजारो प्रवाशांच्या केबिनी वर्षभर आधी भरून ठेवते, तिला हे अशक्य नाही. नाताळ, चतुर्थी, ईद, दिवाळी मागणारी माणसं वेगवेगळी आहेत. एकमेकांची जागा ती आनंदाने भरून काढतील. आजही आपापसात तारखा बदलून ती तेच करतात.

आणि या दिवाळीत तुम्ही क्रूझला जाणार असाल तर तुम्हाला काही सांगायचं आहे. पणत्या सेलच्या न्या, जास्तीचे सेलही न्या. फराळ न्यायचा असेल तर कंपनीचा नियम आधी विचारा. पाळीवर असलेल्या मुलाशी मराठीत जरूर बोला, पण गप्पांत अडकवू नका. त्याचा वेळ मोजलेला असतो. रोजचा सर्व्हिस चार्ज काही कंपन्यांत काउंटरवर जाऊन काढून घेता येतो. तो काढून घेऊ नका, कारण त्यात त्याचा वाटा असतो. तुमच्यासाठी ज्याने झटून काम केलं त्याच्या बिल्ल्यावरचं नाव टिपून ठेवा आणि सफर संपताना येणाऱ्या अभिप्रायाच्या फॉर्मवर ते लिहा. त्या नावांची दखल वरिष्ठ घेतात आणि बढतीच्या वेळी ती उपयोगी पडते. फॉर्म भरायला पाच मिनिटं लागतात.